बाहेरच्या बाजूला उघडणारं फाटक

विजेच्या बिलाच्या पाठीवर मी चौकोन काढला.
तलाव नऊ बाय चार,
भोवती चालायला मीटरभर फरशी,
म्हणजे कुंपण चौतीस मीटर.
डूगल म्हणाला, एका अंगाला घराची भिंत धर,
तेवढीच काच वाचेल.
भिंतीत स्वयंपाकघराचं दार आहे, मी म्हटलं,
आणि ते दार तू जन्मात कधी लावलं नाहीस.

आमच्या गेराल्टनला वारा दुपारी एकला येतो,
सांगून आल्यासारखा, दक्षिणेकडून.
झाडंसुद्धा इथली कंबरेत वाकून जगतात.
त्या वाऱ्यात मीठ असतं.
मोजमापाला आलेला वास्को बोटाने जुना खांब खरवडत म्हणाला,
साधं स्टील घ्याल तर दुसऱ्याच उन्हाळ्यात
चहा सांडल्यासारखे डाग.
चांगलं घ्या.
चांगलं म्हणजे दीडपट.
शिवाय खाली चुनखडी लागली तर भोकांचे पैसे वेगळे.
लागली तर? डूगलने विचारलं.
लागणारच, वास्को म्हणाला, इथे सगळ्यांना लागते.

आमच्याकडे अकरा हजार होते.
कागदावर चौदा झाले, आणि अजून फाटक आलंच नव्हतं.

काच बारा मिलिमीटर जाड, उंची बाराशे.
माझ्या बरगड्यांपर्यंत येते.
ब्रायनीच्या डोक्यावर दोन वीत उरते.
ब्रायनी वीस महिन्यांची आहे,
नाताळात येणार आहे,
आणि टॅमसिन फोनवर सांगते की ती आता
खुर्चीवरून टेबलावर चढते, टेबलावरून फ्रिजकडे बघते.

म्हणून लिंबाचं झाड जाणार.
कुंपणापासून हातभर अंतरात
पाय ठेवता येईल असं काही नको, असा नियम.
डूगल काही बोलला नाही. बाहेर गेला,
टोपीभर लिंबं घेऊन आला, ओट्यावर ओतली,
आणि म्हणाला, सापळे विकतो.
चाळीस सापळे, शेवंडींचे, शेडमध्ये रचलेले,
दोर अजून खारट.
बाविसशे आले.
घेणाऱ्या पोराने घासाघीस केली तेव्हा
हा माझ्याकडे बघत नव्हता.

काचेपेक्षा बिजागरी महाग पडते,
हे मला या वयात कळलं.
काच नुसती उभी राहते.
बिजागरीला दर वेळी आठवण ठेवावी लागते.
फाटक बाहेर उघडायला हवं, वास्कोने हाताने दाखवलं,
तलावापासून दूर.
म्हणजे पोराने बाहेरून कितीही ढकललं
तरी ते जास्तच मिटतं.

जुनं का काढताय, त्याने सहज विचारलं.
गंजलंय, डूगल म्हणाला.
गंजलेलं होतंच.

एकोणनव्वद साली त्या फाटकाला आम्ही वीट लावायचो,
ट्रे घेऊन जा-ये करायला सोपं म्हणून.
टॅमसिन तीन वर्षांची होती.
डूगलने बुटांसकट उडी मारली.
ती खोकली, रडली, मग तिने आइस्क्रीम मागितलं.
त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी
एक अक्षर बोललेलो नाही.
वीट उचलून शेडमागे ठेवली, ती तिथेच होती.

शेवटचा आकडा: राडारोडा उचलणे, एकशे ऐंशी.
मोडके गज, लिंबाचं खोड.
वीट त्यात टाकताना मी त्याला खिडकीतून पाहिलं.
टाकली, परत काढली, मग पुन्हा टाकली.

पंधरा हजार सातशे चाळीस.
उरलेलं मार्चपर्यंत हप्त्याने.

काल वास्को हत्यारं गोळा करून गेला.
काच दिसत नाही, दिसतो तो फक्त तलाव,
आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर धरलेली मिठाची साय.
डूगल फाटकाशी उभा होता.
पूर्ण उघडून सोडलं. टक.
अर्धं उघडून सोडलं. टक.
मग वीतभर, मग चार बोटं,
मग इतकंच, की कडी नुसती टेकलेली.
जेवण निवत होतं. मी हाक मारली नाही.
सिंकपाशी उभी राहून मोजत होते,
एकतीस, बत्तीस,
आणि प्रत्येक वेळी तो थोडा वाकून
कान देत होता.